करवतीच्या पट्ट्यावर पाणी की डिझेल?

वादळात आडवा झालेला फणस किंवा उभ्या उभ्या वाळलेला आंबा बागेतून रस्त्यापर्यंत ओढत आणायचा, ट्रकवर चढवायचा आणि तालुक्याच्या वखारीत न्यायचा, यात लाकडाची निम्मी किंमत मजुरीतच जाते. म्हणून कोकणातल्या बागायतदाराला चाकांवरची बॅन्डसॉ सोयीची वाटते. गाडीमागे जोडून ती झाडापाशीच न्यायची, ओंडका चौकटीवर चढवायचा आणि इंजिनासकट करवतीचं डोकं रुळांवरून पुढे ढकलत फळ्या काढायच्या. (तोडीची परवानगी आणि यंत्राचा वनखात्याचा परवाना, दोन्ही आधी हातात हवेत. करवत चाकांवर आहे म्हणून त्यातून सुटका नाही.) या यंत्राचा सगळा भरवसा एका पोलादी पट्ट्यावर असतो. सुमारे ४ मीटर लांब, सव्वा इंच रुंद आणि जेमतेम १ मिलिमीटरहून थोडा जाड. त्याच्या वर एक लहान टाकी, एक नळी आणि एक कॉक.

त्या टाकीत काय भरायचं यावर माझ्या ओळखीच्या एका मामा-भाच्यांचं कधीच एकमत झालेलं नाही. मामांचं आयुष्य वखारीत गेलं. भाच्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा करून हे यंत्र घेतलं. दोघंही कामाला चोख. त्यांचा वाद इथे मांडतो आहे, कारण फळी सरळ येते की लाटा मारत येते हे बऱ्याच अंशी या टाकीवर ठरतं. पडलेला भुसा गोठ्यात घालण्याजोगा राहतो की नाही, हेही तिच्यावरच ठरतं.

मामा : पाणी म्हणजे लोखंडाचा वैरी. वखारीत आमच्या चार इंची पट्ट्याला दोन्ही अंगांनी फेल्ट लावलेलं असायचं, त्यावर डिझेल आणि जरासं ऑइल. डिंक चिकटायची बिशाद नव्हती. तू आपला नळ सोडून बसतोस.

भाचा : मामा, वखारीतलं चाक तीन फुटांचं होतं. आपलं दीड फुटाच्या जरा वर. तिथे नुसतं लोखंडी चाक, इथे चाकावर रबरी बेल्ट. डिझेल रबरात मुरतं, बेल्ट फुगून सैल होतो आणि पट्टा चाकावर जागेवर राहत नाही. वखारीचा नियम इथे कसा लावू?

मामा : बेल्ट बदलता येतो रे. पण फणसाच्या चिकाचं काय? फणस फोडताना विळीला आणि बोटांना काय लावतोस? तेल की पाणी?

भाचा : खोबरेल लावतो. डिझेल नाही लावत.

उत्तर नेमकं होतं, पण मामांचा मुद्दा त्याने उडत नाही. फणसाचा चीक किंवा पाइनची राळ पाण्यात विरघळत नाही. कांडला-गांधीधामच्या गिरण्यांत न्यूझीलंडहून आलेला पाइन कापला जातो, तिथे ही राळ रोजचीच. आपल्याकडे तो मान फणसाचा. चिकटलेल्या पोलादावर नुसतं पाणी टाकलं तर त्याचे थेंब होतात आणि ओघळून जातात. भाच्याने काढून ठेवलेला एक पट्टा मी उन्हात धरून पाहिला. दातांची टोकं स्वच्छ होती, पण दातांच्या मुळाशी आणि त्यामागच्या अंगावर तपकिरी खपली बसली होती. नखाने खरवडली तर कागदासारखी सुटत होती. वरच्या बाजूला ती पातळ होती, खालच्या बाजूला जाड, कारण पाणी वरून पडतं आणि खालची बाजू जवळजवळ कोरडीच राहते.

ही खपली दिसायला किरकोळ आहे, पण सगळं बिघडतं ते इथून. पट्ट्याचे दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे वाकवलेले असतात. प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटर, फार तर जरा अधिक. तेवढ्याच सवडीमुळे पट्ट्याचं अंग लाकडाला न घासता पुढे जातं. खपलीने ती सवड खाल्ली की अंग घासायला लागतं, घासलं की तापतं आणि तापलं की त्यावरचा चीक आणि बारीक भुसा आणखी पक्का भाजून बसतो.

भाचा : म्हणून तर टाकीत भांडी घासायचं लिक्विड घालतो. बादलीला एक-दोन चमचे. साबणाने पाणी पसरतं, पोलादावर पातळ थर धरतं, आणि चीक बसायच्या आधीच निघून जातो. शिवाय आता खालून दुसरी नळी घेतली आहे, तिचा फेल्ट खालच्या अंगाला टेकतो.

मामा : हे चांगलं केलंस. वखारीत आम्ही फेल्ट दोन्ही अंगांनी लावायचो ते उगाच नाही.

भाचा : ते तुमच्याकडूनच घेतलं. पण त्यात भरलेलं डिझेल नाही घेतलं.

मामा : आणि गरम गरम म्हणून तू एवढा धसका घेतोस, पट्टा तापून तापून किती तापणार?

भाचा : थोडा तापला तरी पुरतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन वाढतं. आपला पट्टा ४ मीटरचा, ४० अंशांनी तापला तर जवळपास २ मिलिमीटर लांबतो.

मामा : दोन मिलिमीटर म्हणजे असं काय मोठं?

भाचा : ताण देताना आपण त्याला मुळात ओढतोच किती? दीडशे मेगापास्कलचा ताण धरला तर ३ मिलिमीटर. त्यातले दोन गेले तर उरलं काय?

मामा : अरे, स्प्रिंग आहे ना. ती ओढून घेईल.

भाचा : सगळा पट्टा सारखा तापला तर घेईल. पण तापते दातांकडची कड, पाठ त्या मानाने थंड राहते. कड लांबते, पाठ लांबत नाही. स्प्रिंगने कितीही ओढलं तरी ताण पाठीला बसतो, कड सैलच. आणि लाकडात शिरायचं काम कडेचं.

बॅन्डसॉवर काम करणाऱ्या प्रत्येकाने भाच्याचं हे शेवटचं बोलणं नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. फळी लाटा मारत निघाली की बहुतेक जण ताण वाढवतात. ताण वाढवल्याने पाठ आणखी घट्ट होते, तापलेली कड तशीच ढिली राहते, आणि पट्टा तुटायच्या जवळ मात्र जातो. २५ मीटर सेकंदाला या वेगाने ४ मीटरचा पट्टा सेकंदाला सहा फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीत दोन चाकांवर वाकतो, म्हणजे तासाला ४५,००० वेळा. चाक लहान असल्यामुळे प्रत्येक वाक कडक असतो. त्यावर जास्तीचा ताण दिला की दातांमधल्या खाचेत भेग पडते आणि तिथूनच तो जातो.

मामांनी मात्र पुढे जो प्रश्न विचारला तो मला सगळ्या संवादात वजनदार वाटतो.

मामा : पट्टा तापतो हे मान्य. पण तो तापला कशाने, ते बघितलंस का? हा भुसा हातात घे. पीठ आहे हे. पीठ पडतंय म्हणजे दात कापत नाही, घासतोय. एक तर धार गेली आहे, नाहीतर तू भीत भीत ढकलतोस.

भाचा : गाठ आली म्हणून हळू घेतलं.

मामा : गाठीला हळू घे, पुढे सोड. चुरा पडला पाहिजे, चिमटीत धरता येईल असा. आणि या ओंडक्याच्या सालीकडे बघ. तांबडी माती, जांभ्याची कच. तिच्यावरून पट्टा गेला की पहिल्याच फळीला धार संपली. टाकीतलं पाणी पट्ट्यावर सोडतोस, त्यापेक्षा बादलीभर ओंडक्यावर ओत आणि काथ्याने घास.

भाचा : सागाला तर माती नसली तरी धार लवकर जाते.

मामा : सागाच्या लाकडातच सिलिका असते, त्याला इलाज धार हाच. वाळका साग कापताना पट्टा चिकटत नाही, उगाच पाणी कशाला? चांगल्या धारेचा पट्टा कोरडा चालव. कापून झाल्यावर यंत्र बंद कर, पट्टा थांबू दे आणि मग पाठीला हात लावून बघ. कोमट असेल.

इथे मी मामांच्या बाजूचा आहे. बोथट दात, कमी-जास्त वाकवलेले दात, गाइडच्या रोळांचा चुकीचा दाब, सालीतली माती, घाबरत ढकललेलं डोकं, यांतलं काहीही असलं तरी पट्टा तापतो, आणि टाकीतल्या पाण्याने तो दोष झाकला जातो, जात नाही. पाण्याचा कॉक रोज थोडा थोडा जास्त उघडावा लागत असेल तर पट्टा उतरवून धार लावायची वेळ झाली आहे.

हिशेब केला तरी हेच दिसतं. अशा यंत्रांच्या माहितीपुस्तकांत तासाला साधारण ४ ते ८ लिटर पाणी पुरे असं सांगितलेलं असतं, म्हणजे नळीतून थेंबाथेंबाने. ४ लिटर पाण्याची तासाभरात सगळीच्या सगळी वाफ झाली असं धरलं तर ते सुमारे अडीच किलोवॅट उष्णता नेईल. २० हॉर्सपॉवरचं इंजिन १५ किलोवॅट देतं. आणि पाण्याची सगळी वाफ होत नाहीच, बरंचसं भुशाबरोबर ओलंच बाहेर पडतं. पट्ट्याची उष्णता नेण्याचं मोठं काम वारा आणि भुसाच करतात. पाण्याचं खरं काम पट्टा धुणं हे आहे. पट्टा स्वच्छ राहिला की तो घासत नाही, आणि घासला नाही की फारसा तापत नाही. थंडावा मिळतो तो असा, स्वच्छतेच्या मार्गाने. हे एकदा पटलं की किती पाणी सोडायचं हा प्रश्न सोपा होतो: खपली बसणार नाही इतपत, त्याहून थेंबही जास्त नाही. जास्त पाणी सोडलं तर ओला भुसा चाकाच्या बेल्टवर थापला जातो, पट्टा थरथरतो आणि बेल्टवर घसरायलाही लागतो.

मामा : आणि डागांचं बोल. ऐनाच्या फळीवर निळे-काळे डाग पडले होते. गिऱ्हाईक म्हणालं, लाकूड कुजकं दिलंत.

भाचा : ऐनात, खैरात, बाभळीत टॅनिन असतं. लोखंड आणि पाणी मिळालं की ते काळं पडतं. जुनी शाई याच मेळातून करत. ऐन कापताना कॉक अगदी बारीक करतो, जमलं तर बंदच. फळी निघाली की पुसतो, भुसा झाडतो, आणि मधे पट्ट्या घालून सावलीत रचतो. ओल्या फळ्या एकमेकींवर तशाच ठेवल्या तर डाग पडणारच, मग पाणी सोडलेलं असो की नसो. ताज्या लाकडात आधीच केवढं पाणी असतं.

मामा : डिझेलने डाग पडत नाही.

भाचा : दिसत नाही एवढंच. सुताराला विचारा. पाण्याचा डाग वरवरचा, रंधा मारला की गेला. डिझेल आत मुरतं. त्या जागी फेव्हिकॉल धरत नाही, पॉलिश फुटतं. आणि वास? आपल्या फळ्यांचे लोक पाट करतात, देव्हारे करतात.

मामा : रंध्याने तेही जातं.

भाचा : थोडं जातं. उरलेलं घरात जातं.

मामा गप्प झाले नाहीत. त्यांनी गंजाचा विषय काढला, आणि त्यात त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ओला पट्टा रात्रभर यंत्रावर तसाच राहिला तर सकाळी दातांच्या खाचांत तांबूस ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे बारीक खड्डे, आणि भेग सुरू व्हायला तेवढी जागा पुरते. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरलं तर हे दुप्पट वेगाने होतं. टाकीत गोडं पाणीच हवं, पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तम.

मामा : मग रोज संध्याकाळी काय करतोस ते सांग.

भाचा : शेवटची फळी झाली की लाकूड नसताना पट्टा पंधरा सेकंद पाण्यावर फिरवतो, चीक धुऊन जातो. मग पाणी बंद करून तसाच थोडा फिरवतो. यंत्र बंद, पट्टा पूर्ण थांबला की ताण सोडतो. गरम पट्टा गार होताना आखडतो, ताण तसाच ठेवला तर रात्रभर तो आणि बेल्ट दोघंही ओढले जातात. मग उतरवून कोरड्या फडक्याने पुसतो.

मामा : पुसल्यावर तेलाचा हात फिरवतोस का?

भाचा : नाही.

मामा : मग तिथे माझं ऐक. काढून ठेवलेल्या पट्ट्याला तेलाचा पातळ हात हवाच. मशीन ऑइल घे, नाहीतर करंजेल घे. आपली हवा दमट. पावसाळ्यात दोन दिवसांत गंज धरतो. दुसऱ्या दिवशी चढवण्याआधी पुसून टाक, तुझ्या बेल्टला लागायला नको.

भाचा : हे करतो.

तेलाची खरी जागा मामांनी इथे दाखवली: थांबलेल्या, उतरवलेल्या पट्ट्यावर. चालत्या पट्ट्यावर वनस्पती तेल वापरणारेही आहेत, आणि डिझेलपेक्षा ते कितीतरी बरं, पण उन्हा-हवेत ते चिकट होतं, नळी आणि फेल्ट बुजवतं. रोजच्या कामाला मी ते सुचवणार नाही.

राहता राहिला डिझेलचा धोका, आणि यावर मामा सहज मानायला तयार नव्हते.

मामा : डिझेल काय पेट्रोल आहे भडकायला? काडी लावली तरी पेटत नाही.

भाचा : गार असताना. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश एवढाच हवा असतो. म्हणजे ३५ च्या जरा वरती ज्याची वाफ ठिणगीने पेट घेते असंही डिझेल नियमात बसतं. मे महिन्याच्या दुपारी कोकणात हवाच तेवढी तापते, पट्टा तर तिच्याहून गरम. आणि तो डिझेलचे तुषार उडवतो, तुषार आणखी लवकर पेटतात. शेजारी इंजिनाचा सायलेन्सर, खाली वाळका भुसा.

मामा : वखारीत कधी आग लागली नाही.

भाचा : वखारीत मोटर होती, मामा. इंजिन बाहेरच्या खोलीतसुद्धा नव्हतं.

यावर मामा काही क्षण थांबले. “मोटर होती, हे खरं,” एवढंच म्हणाले.

मला हा मुद्दा निर्णायक वाटतो. या यंत्रांच्या काही माहितीपुस्तकांत तर पट्ट्यावर डिझेलसारखं ज्वलनशील द्रव कधीच सोडू नये, अशी स्पष्ट ताकीद असते. राळ इतकी बसली असेल की डिझेलशिवाय निघत नाही, तर पट्टा उतरवून, यंत्रापासून लांब नेऊन ब्रशने साफ करायचा. चालू पट्ट्यावर डिझेलचा ब्रश किंवा फडकं धरणारे लोक मी पाहिले आहेत. सेकंदाला २५ मीटर धावणाऱ्या दातांशेजारी हात नेण्याइतकं कुठलंच काम तातडीचं नसतं. अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात नळीतलं पाणी गोठतं, म्हणून तिथे कुणी डिझेल-रॉकेलकडे वळलं तर त्यामागे निदान एक अडचण तरी आहे. आपल्याकडे तीही नाही.

आणि भुसा. वखारीतला भुसा एका ठिकाणी पडून पुढे विकला जायचा. बागेत कापलेल्या झाडाचा भुसा बागेतच पडतो. तो गोठ्यात गुरांखाली जातो, चुलीत जातो, उरलेला काजूच्या आळ्यात पसरतो. त्यात डिझेल असेल तर गुरं त्यावर बसतात, चुलीपुढची बाई त्याचा धूर घेते, आणि पहिल्या पावसात ते विहिरीच्या वाटेला लागतं. डोकं ढकलणारा माणूस दिवसभर त्या तुषारांतच श्वास घेतो. पाण्यात साबणाचा चमचा टाकून जे काम होतं त्यासाठी ही किंमत मोजणं मला पटत नाही, आणि मामांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून मी हे त्यांनाही सांगितलं.

मामांनी डिझेल सोडलं का? टाकीत तरी आता ते जात नाही. भाच्याने पाणी कमी केलं का? फणसाला तो अजून थोडं जास्तच सोडतो असं मामांचं मत आहे, आणि फणसापुरता मी भाच्याच्या बाजूचा आहे.

तुमच्या बागेतलं झाड कापायला असं यंत्र येणार असेल तर दराची बोलणी करण्याआधी टाकीचं झाकण उघडून वास घ्या. डिझेल निघालं तर ते काढून साबणाचं पाणी भरायला सांगा, आणि ओंडक्यावरची माती तुम्ही स्वतः आदल्या दिवशीच धुऊन ठेवा.